फणसाचा चीक, तेलाचा हात आणि कोळ्याचे पाय

कोकणात फणस फोडायला बसायचे तर आधी हाताला आणि विळीच्या पात्याला खोबरेल चोळतात. विसरलात तर चीक असा धरतो की दोनदा साबण लावूनही बोटाला बोट चिकटत राहते. हे ज्याने लहानपणी पाहिले आहे, त्याला ‘कोळी स्वतःच्याच जाळ्यात का अडकत नाही?’ असे विचारले तर तो फार डोके खाजवणार नाही. पायाला तेल लावत असेल, म्हणेल.

फ्रान्समधल्या एका निवृत्त मास्तरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच उत्तर दिले, आणि तेही अशाच एका लहानपणच्या आठवणीवरून. पुढे ते उत्तर एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिले. मध्येच त्याच्या जागी दुसरे, जास्त शहाणे वाटणारे उत्तर आले. खरी तपासणी व्हायला २०१२ साल उजाडले. एवढ्या साध्या प्रश्नाला एवढा वेळ का लागला, हे समजायचे तर आधी जाळे कसे बांधले जाते ते पाहावे लागते.

बागेत दिसणारे गोल जाळे बैलगाडीच्या चाकासारखे असते. मध्ये तुंबा, तिथून निघालेले आरे आणि आऱ्यांवरून गोल गोल फिरणारा धागा. यातला प्रत्येक धागा चिकट नसतो. बाहेरची चौकट, आरे आणि मधला तुंबा कोरडे असतात. चिकट असतो तो फक्त गोल फिरणारा धागा. तोही शेवटी येतो. चौकट आणि आरे झाले की कोळी तुंब्यापासून बाहेरच्या दिशेने एक विरळ, कोरडी फेरी घालतो. ही परांची. इमारत बांधताना गवंडी बांबूची परांची बांधतो आणि काम उरकले की सोडवतो, तसेच हे. बाहेरच्या कडेला पोहोचला की कोळी उलटा फिरतो आणि परांचीच्या आधाराने आतल्या दिशेने चिकट धागा टाकत येतो. जसजसे काम पुढे सरकते तसतशी जुनी परांची तोडत जातो. चिकट धागा टाकताना प्रत्येक आऱ्यापाशी मागच्या पायाने तो ओढायचा, आऱ्याला टेकवायचा, पुढे जायचे. आरे वीस-तीस आणि फेऱ्याही तितक्याच, म्हणजे एका जाळ्यासाठी शेकडो वेळा हे होते. हा मागचा पाय लक्षात ठेवा, पुढे त्यानेच सगळा घोळ उघडकीस आणला.

(विणणारा बहुतेक वेळा विणणारी असते, कारण मोठी जाळी माद्यांची. पण ‘कोळीण’ लिहिले की डोळ्यांपुढे मासळीबाजार उभा राहतो. जाळे टाकणाऱ्या माणसाला आणि जाळे विणणाऱ्या जिवाला एकच नाव देणारी आपली भाषा इथे अडचण करते. म्हणून ‘कोळी’च म्हणतो.)

जुन्या लोकांचे कोळ्याकडे लक्ष नव्हते असे अजिबात नाही. बृहदारण्यक उपनिषदात ‘स यथोर्णनाभिस्तन्तुनोच्चरेत्’ असे आले आहे: कोळी जसा आपल्याच तंतूवरून वर जातो, तसे. मुंडकोपनिषदात तोच ऊर्णनाभि तंतू बाहेर सोडतो आणि परत आत घेतो. दोन्ही ठिकाणी विषय ब्रह्माचा, कोळी फक्त दृष्टांतापुरता. पण निरीक्षण चोख आहे. कोळी जुने जाळे खरोखरच खातो, आणि त्यातली प्रथिने अर्ध्या तासाच्या आत नव्या धाग्यात वापरतो, हे डेव्हिड पीकॉल यांनी १९७१ मध्ये किरणोत्सारी खूण लावून दाखवले. ग्रीसमध्ये वाद होता तो धागा येतो कुठून याचा. डेमोक्रिटस म्हणे पोटातून, विष्ठेसारखा. ॲरिस्टॉटलला ते पटले नाही, त्याच्या मते तो झाडाच्या सालीसारखा अंगावरून सुटतो. यात डेमोक्रिटस सत्याच्या जास्त जवळ होता. पण धागा चिकट आहे आणि तरी हा त्यावर फिरतो कसा, हा प्रश्न यापैकी कुणी विचारलेला नाही. सूत काढणारा, ताण लावणारा विणकर म्हणूनच ते कोळ्याकडे पाहत होते, आणि विणकर आपल्या कापडाला चिकटत नसतो.

प्रश्न विचारला तो पाखरे धरलेल्या माणसाने. झां-आंरी फाब्र हे दक्षिण फ्रान्समधले शिक्षक. पुढे सेरिन्यां नावाच्या गावात त्यांनी माळरानाचा एक तुकडा घेतला आणि तिथले किडे-कोळी पाहण्यात उरलेले आयुष्य घालवले. कोळ्यांवरची त्यांची टिपणे १९०५ च्या सुमारास छापली गेली, तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. लहानपणी ते सोबत्यांबरोबर गोल्डफिंच पाखरे धरायला जात. काड्यांना चिकट लेप फासायचा आणि पाखरू बसायची वाट पाहायची. लेप लावण्याआधी पोरे बोटांना तेलाचे दोन थेंब चोळत. जाळ्यावर निवांत फिरणारा कोळी पाहताना फाब्रना ते तेलाचे थेंब आठवले.

इथवर आपला फणसच आहे. पण फाब्र आठवणीवर थांबले नाहीत. त्यांनी गवताची काडी चिकट धाग्याला लावली, ती चिकटली. तीच काडी तेलात बुडवून लावली, सुटली. मग कोळ्याचा एक पाय घेतला आणि जसा होता तसा धाग्याला टेकवला. चिकटला नाही. तोच पाय कार्बन डायसल्फाइडमध्ये भिजवला. हे द्रव्य चरबी विरघळवण्यात पटाईत. त्याच द्रव्यात बुडवलेल्या कुंचल्याने पाय घासून धुतला आणि पुन्हा धाग्याला लावला. आता तो सहज चिकटला. म्हणजे पायावर काहीतरी स्निग्ध होते आणि ते धुतले गेले. फाब्र त्याला कोळ्याचा विशेष घाम म्हणतात. कोळी दिवसभर कोरड्या तुंब्यावर का बसून राहतो, याचेही उत्तर त्यांना यातून मिळाले: चिकट धाग्यांवर सतत वावरला तर हा घाम संपून जाईल, म्हणून काटकसर.

प्रयोग सुंदर आहे. पण आज वाचताना खटकतो. किती पाय, किती वेळा, ‘सहज चिकटला’ म्हणजे किती जोर लावल्यावर सुटला, यातले काहीच नाही. शिवाय धुताना तेलाबरोबर पायावरच्या केसांचे काय झाले, तेही कुणी पाहिले नाही. फाब्रची भाषा इतकी गोड होती की वाचकाने पुरावा मागितला नसावा. ‘कोळ्याच्या पायाला तेल असते’ हे वाक्य पुढची शंभर वर्षे पाठ केले गेले.

तेवढ्या काळात जाळ्याच्या इतर बाजूंवर पुष्कळ काम झाले. चार्ल्स व्हर्नन बॉइज या इंग्रज पदार्थवैज्ञानिकाने १८८० मध्ये, म्हणजे फाब्रच्याही आधी, एक मजेदार उद्योग केला होता. नादकाटा म्हणजे ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याने बागेतल्या जाळ्याच्या कडेला टेकवला. तुंब्यावरचा कोळी गर्रकन वळला. पुढच्या पायांनी एकेक आरा चाचपून थरथर कुठल्या आऱ्यातून येते ते त्याने ठरवले आणि त्याच आऱ्यावरून तो सरळ नादकाट्यावर जाऊन धडकला. जाळ्यावरची चाल डोळ्यांनी चालत नाही, पायांनी चालते, हे इतक्या स्वस्तात कुणी दाखवले नसेल. आरे हेच रस्ते आणि आरे याच तारा.

चिकट धाग्यावरचे मण्यांसारखे थेंब कोळी एकेक करून बसवत नाही, हेही बॉइजने साबणाच्या फुग्यांवरच्या आपल्या व्याख्यानांत लोकांना समजावले. कोळी फक्त धाग्यावर ओला लेप देतो, पृष्ठताण त्याचे आपोआप थेंब करतो. १९८९ मध्ये फ्रिट्झ व्होलराट आणि डोनाल्ड एडमंड्स यांनी दाखवले की या थेंबांच्या आत धागा गुंडाळून साठवलेला असतो. माशी धडपडली की तो उलगडतो, थांबली की परत गोळा होतो. २०१० मध्ये ॲक्रन विद्यापीठात वासव सहानी, टॉड ब्लॅकलेज आणि अली धिनोजवाला यांनी एकेक थेंब ताणून पाहिला. थेंब झटक्याने ओढला तर तो फार जास्त जोराने धरतो, हळू ओढला तर रबरासारखा ताणला जातो. कोळ्याच्या पायाशी या प्रयोगाचा संबंध नव्हता, पण पाय सावकाश का काढावा याचे एक कारण त्यात बसलेले दिसते.

आता पाय. शिकार शोधत हिंडणाऱ्या अनेक कोळ्यांच्या पायाला दोन नख्या आणि केसांचा गुच्छ असतो. जाळेवाल्यांना तिसरी, मधली नखी असते. धागा या मधल्या नखीत आणि समोरच्या दातेरी केसांत पकडला जातो. नखी उघडली की दाबले गेलेले केस ताठ होतात आणि धागा बाहेर ढकलतात. पकडणे स्नायूंचे, सोडणे केसांच्या लवचीकपणाचे. पाय लांब करण्याची तऱ्हा त्याहून विचित्र. कोळ्याच्या पायातल्या दोन मोठ्या सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नाहीत. १९४४ मध्ये एलिस यांनी आणि १९५९ मध्ये पॅरी व ब्राउन यांनी दाखवले की तिथे अंगातल्या द्रवाचा दाब काम करतो, जेसीबीच्या हातासारखा. मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पडलेला असतो तो यामुळेच, दाब गेला की फक्त आकुंचणारे स्नायू उरतात. जाळ्याखाली लोंबकळणाऱ्याला ही रचना सोयीची, कारण तिथे कामच मुख्यतः ओढून धरण्याचे.

हो, जाळ्याखाली. चित्रांत कोळी जाळ्यावर बसवतात, पण बहुतेक गोल जाळी थोडी कललेली असतात आणि कोळी खालच्या बाजूला, डोके खाली करून लटकतो. चालतानाही पुढचा पाय हवेत टकटक करत धागा शोधतो, आणि मागचे पाय साधारण त्याच जागी त्याच धाग्याला पकडत येतात. अंधारात पुढच्या माणसाच्या पावलावर पाऊल टाकत घाट उतरावा, तसे. यामुळे आठातले सहा पाय शोधाशोधीतून सुटतात.

या निरीक्षणांमधून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरे उत्तर पुढे आले: तेलबिल काही नाही, कोळी फक्त कोरड्या धाग्यांवरून चालतो. आजही मुलांच्या बहुतेक पुस्तकांत हेच सापडेल. निम्मे खरे आहे. तुंब्यापासून शिकारीकडे धावताना तो आरे पकडतो, चिकट फेऱ्या टाळतो. पण मघाचा मागचा पाय आठवा. जाळे विणताना तोच पाय प्रत्येक आऱ्यापाशी ताज्या चिकट धाग्याला ढकलतो. टाळतो म्हणावे तर शेकडो, कधी हजारो वेळा तो स्वतःहून चिकटाला हात घालतो. कोस्टा रिकामध्ये आयुष्यभर जाळी पाहत आलेल्या विल्यम एबरहार्ड यांना हे खटकले नसते तरच नवल.

एबरहार्ड आणि डॅनिएल ब्रिसेन्यो यांनी २०१२ मध्ये आपले काम छापले. दोन जाती घेतल्या: सोनेरी धाग्याचे मोठे जाळे विणणारी नेफिला आणि पाठीवर काटे असलेली गॅस्टरकॅन्था. दोघींचे भाऊबंद सह्याद्रीतही आहेत. पावसाळा सरताना रानवाटेवर तोंडावर येणारी मोठी सोनेरी जाळी नेफिलाच्याच जातीची. त्यांनी विणणाऱ्या पायांचे व्हिडिओ सूक्ष्मदर्शकातून काढले, शिवाय सुटे पाय धाग्याला लावून ओढून पाहिले. निघाले ते असे. मागच्या पायांवर दाट, फांद्या फुटलेले केस असतात. धाग्याला पायाची कातडी टेकतच नाही, केसांची टोके टेकतात. पाय मागे घेताना थेंब केसावरून टोकाकडे घसरतो आणि तिथून निसटतो. पिंपळाच्या पानाला ते लांब शेपूट कशासाठी असते, पाणी ओघळून जावे म्हणून, तसेच हे केसांचे टोक. शोधनिबंधाच्या शीर्षकात त्यांनी या केसांना पानांच्या अशा टोकांचेच नाव दिले आहे. दुसरी गोष्ट चाल. कोळी पाय बाजूला खेचत नाही, धाग्याला ताण न देता अलगद सरळ मागे घेतो. आणि तिसरी गोष्ट, पाय हेक्झेन (हेही चरबी विरघळवणारे द्रव्य) आणि पाण्याने धुतले की जास्त चिकटू लागले. म्हणजे पायावर लेप होताच.

म्हातारबुवा अगदीच चुकले नव्हते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे ख्रिश्चन क्रॉफ आणि सहकाऱ्यांनी फाब्रचाच प्रयोग, तेच कार्बन डायसल्फाइड घेऊन, पण मोजमापासह पुन्हा केला. धुतलेला पाय न धुतलेल्यापेक्षा लक्षणीय जास्त चिकटला. एकशे सात वर्षांनी फाब्रच्या उत्तरावर शिक्का बसला. फक्त त्या एका उत्तराच्या जागी आता तीन उत्तरे होती आणि तेल त्यातले एक होते. मला स्वतःला यात केसांचे काम सर्वांत देखणे वाटते, कारण साध्या भिंगातूनही तो पाय केसाळ दिसतो आणि तरी शतकभर कुणी त्या केसांना हा प्रश्न विचारला नाही.

चालीच्या बाजूने आणखी एक धागा आहे, वजनाचा. उभ्या जाळ्यात तुंबा बरोबर मध्ये नसतो, थोडा वर सरकलेला असतो. मास्टर्स आणि मॉफॅट यांनी १९८३ मध्ये कारण मांडले: कोळी खाली वेगाने धावतो, वर हळू, म्हणून खालचा भाग मोठा ठेवणे परवडते. मग वजनच नसेल तर? १९७३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या जुडिथ माइल्स या शाळकरी मुलीच्या सूचनेवरून अरबेला आणि अनिता हे दोन क्रॉस कोळी (बागेत गोल जाळे विणणारी एक जात) स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर गेले. अरबेलाने आधी पोहल्यासारखे हातपाय मारले, पहिले जाळे गबाळे झाले, पुढची बरी. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा कोळ्यांना खाऊ म्हणून पाठवलेल्या फळमाश्यांच्या अळ्यांनी पेटीची काचच झाकून टाकली. २०११ चा प्रयोग नीट झाला. बाझेलचे सॅम्युअल त्शोक्के आणि सहकाऱ्यांनी त्यातली सुमारे १४,५०० छायाचित्रे तपासली, तेव्हा कळले की तिथे दिवा चालू असताना विणलेली जाळी पृथ्वीवरच्यासारखी एका बाजूला सरकलेली होती, आणि कोळी दिव्याकडे पाठ करून बसत. दिवा बंद असताना विणलेली जाळी सगळ्या बाजूंनी जवळजवळ सारखी. वजन नसेल तर उजेड म्हणजे वर, अशी त्यांची सोय.

हे सगळे पाहायला इतका काळ लागण्याचे एक कारण अगदी घरगुती आहे. अनेक कोळी जाळे विणतात पहाटेच्या अंधारात, आणि संशोधकाला झोप येते. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथे १९४८ मध्ये हान्स पीटर्स या प्राणिशास्त्रज्ञाने वैतागून पीटर विट या औषधशास्त्रज्ञाकडे कोळ्यांची वेळ बदलणारे औषध मागितले. वेळ बदलली नाही, जाळी मात्र वेडीवाकडी झाली. त्यातून पुढे कॅफीन वगैरे पाजलेल्या कोळ्यांच्या जाळ्यांची ती प्रसिद्ध छायाचित्रे आली. पीटर्स यांची झोप वाचवणारी सोय यायला बराच अवकाश होता. २०२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अँड्र्यू गॉर्डस यांच्या गटाने अवरक्त कॅमेरे लावले आणि रात्रभरची पायांची हालचाल, अंगावरचे २६ बिंदू धरून, संगणकाकडून मोजून घेतली. पायांच्या हालचालींवरून कोळी जाळ्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखता येऊ लागले.

त्यांनी घेतलेला कोळी युलोबोरस जातीचा, आणि त्याच्या जाळ्यात चिकट थेंब नसतातच. आपल्याकडे दख्खनच्या काटेरी झुडपांवर राखाडी, लोकरीसारखी, मळकट जाळी करून घोळक्याने राहणारे स्टेगोडिफस कोळीही याच पद्धतीचे. त्यांचा धागा कोरडा असतो, पण त्यावर हजारो अतिसूक्ष्म तंतू पिंजलेले असतात, पिंजाऱ्याने कापूस पिंजावा तसे. पिंजायला मागच्या पायावर केसांची फणी असते. हे तंतू सगळ्यांना धरतात, मग फणीला का धरत नाहीत? आखेनच्या आना-क्रिस्टिन योएल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की फणीच्या केसांवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेघा असतात, त्यामुळे तंतूंना टेकायला पुरेशी जागाच मिळत नाही.

त्याच गटाने २०१७ मध्ये या कोरड्या धाग्यांवर कीटकांचे जे प्रयोग केले, त्यांत फाब्रचा प्रयोग उलटा होऊन समोर येतो. कीटकाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. पिंजलेले तंतू ते मेण टिपकागदासारखे शोषून घेतात, तंतू आणि मेण एकजीव होतात आणि पकड कितीतरी घट्ट होते. अंगावरचे मेण धुऊन काढलेला कीटक या जाळ्याला कमी चिकटतो.